एप्रिलमधला नाला

मुंबईत पाणी तुंबले की महापालिकेच्या बचावाची तीन वाक्ये ठरलेली असतात. तासाभरात अमुक इतके मिलिमीटर पाऊस कोसळला. नेमकी त्याच वेळी समुद्राला भरती होती. आणि लोक नाल्यात कचरा टाकतात, त्याला कोण काय करणार? अलीकडे चौथे वाक्य त्यांना येऊन मिळाले आहे: आता टोकियोसारखी भुयारे बांधल्याशिवाय गत्यंतर नाही. ही वाक्ये फक्त अधिकाऱ्यांच्या तोंडी असती तर त्यांचा प्रतिवाद करायचे कारण नव्हते. पण लोकलच्या डब्यात आणि सोसायटीच्या बैठकीत चांगली शिकलेली माणसेही ती जशीच्या तशी म्हणतात, आणि कोट्यवधींचे बेत याच वाक्यांवर उभे राहतात. चारही वाक्यांत तथ्य आहे. नसते तर ती टिकली नसती. फक्त ती एका ओळीत मांडून पाहावीत. दोष आभाळाचा, समुद्राचा आणि जनतेचा, उपाय जपानचा. महापालिका या हिशेबात कुठेच सापडत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मुंबई तुंबण्याचे मोठे कारण पावसाळ्यात सापडणार नाही. ते उरलेल्या आठ महिन्यांत आहे. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी असलेले नाले आपण वर्षभर सांडपाण्याची गटारे म्हणून वापरतो, आणि जून उजाडला की त्यांनी एकाएकी नाल्यासारखे वागावे अशी अपेक्षा धरतो. हे बदलल्याशिवाय बसवलेला पंप, खोदलेली टाकी आणि उद्या बांधायचे भुयार यांच्याकडून आपल्याला मोजलेल्या पैशांचे पूर्ण काम कधीच मिळणार नाही.

आधी पाऊस घेऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतक्या पावसात जगातले कोणतेही शहर कोरडे राहिले नसते, हे मान्य. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. म्हणजे ती आपत्तीसुद्धा साऱ्या शहरावर सारखी कोसळली नव्हती. पण त्या एका दिवसाची सबब आपण त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्याला लावत आलो. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट इथे दरवर्षी पाणी भरते, त्यासाठी ९४४ मिलिमीटर लागत नाहीत. जोराच्या दोन-तीन सरी आणि वाईट वेळ एवढे पुरते.

आणि हे कुणाला माहीत नव्हते असे थोडेच आहे? शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. तोही समुद्राला ओहोटी आहे आणि पडलेल्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरते असे धरून. म्हणजे प्रत्यक्षात वाहून न्यायचे पाणी ताशी साडेबारा मिलिमीटरच. त्यानंतर मोकळी जमीन गेली, अंगणे गेली, आता रस्त्यांच्या कडाही काँक्रीटने भरल्या. मुरण्याचा हिस्सा जवळजवळ शून्यावर आला. १९८५च्या पुरानंतर महापालिकेने सल्लागार नेमून अभ्यास करवून घेतला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल हाती आला. ताशी ५० मिलिमीटरची क्षमता हवी, नाले रुंद करा, पाणी उपसणारी उदंचन केंद्रे बांधा, हे सगळे त्यात लिहिलेले होते. खर्चाचा अंदाज सुमारे ६०० कोटींचा होता. अहवाल बारा वर्षे पडून राहिला. २००५ आले, शेकडो माणसे गेली, मग २००७ मध्ये केंद्राने १,२०० कोटी मंजूर केले आणि कामाला वेग आला. आता ताशी १२० मिलिमीटरची भाषा ऐकू येते. हवामान बदलते आहे, सरी अधिक तीव्र होत आहेत, तेव्हा क्षमता वाढवायलाच हवी; त्याला माझा विरोध नाही. पण बारा वर्षे दडपून ठेवलेल्या अहवालाचा दोष पावसाच्या नावावर टाकायला मात्र विरोध आहे.

क्षमता वाढवण्याच्या या गणितात एक गोष्ट सोयीने वगळली जाते. नाल्याची क्षमता नकाशावर ठरते ती नाला रिकामा आहे असे धरून. प्रत्यक्षात उघड्या नाल्याची निम्मी खोली गाळाने भरली असेल तर त्याची वाहून नेण्याची ताकद निम्मी उरत नाही. निम्म्याहून बरीच कमी होते, कारण उथळ पाणी तळाला आणि काठांना अधिक घासत जाते. त्यातून वाटेत कुठे जलवाहिनी आडवी गेलेली, कुठे केबलींचे जुडगे. म्हणजे ५० मिलिमीटरचा नाला बांधायचा, त्यात सांडपाणी आणि गाळ साठू द्यायचा, आणि २० मिलिमीटरला तो ओसंडला की १२०चा आराखडा मागवायचा. हे गणित कितीही पुढे नेले तरी सुटणार नाही.

दुसरे वाक्य भरतीचे. हे चारांतले सर्वांत खरे वाक्य आहे. मुंबईत पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या १८६ पातमुखांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ त्या पातळीच्या वर पण भरतीच्या खाली आहेत. भरतीच्या पाण्याच्या वर राहणारी फक्त सहा. भरती आली की पाणी बाहेर पडायच्या ऐवजी आत येऊ पाहते, दारे बंद करावी लागतात आणि शहराच्या पोटात पाणी साठत राहते. खाड्या बुजवून, बेटे जोडून उभारलेल्या शहराला ही किंमत मोजावीच लागणार. परळ-दादरचे सखल भाग उगाच सखल नाहीत.

पण भरती ही अकस्मात कोसळणारी आपत्ती नाही. तिचे वेळापत्रक वर्षभर आधी छापून मिळते. ज्या अडचणीची तारीख, वेळ आणि उंची आधीच कळते, तिची सबब सांगायची असेल तर तयारीचा हिशेबही द्यायला हवा. ब्रिमस्टोवॅडमध्ये आठ उदंचन केंद्रे सुचवली होती. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गजदरबंध ही सहा झाली, तीही एकेक करत, २०१९ पर्यंत. माहुल आणि मोगरा जागेच्या वादात वर्षानुवर्षे अडकली. म्हणजे माहुल केंद्राची वाट पाहणारा किंग्ज सर्कलचा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहतो तेव्हा त्याला समुद्राने अडवलेले नसते. त्याला अडवलेले असते दोन सरकारी खात्यांमधल्या जमिनीच्या फायलीने.

भरतीचे काय करायचे याचे उत्तर शोधायला जपानला जायची गरजही नव्हती. ते खाडीपलीकडे आहे. नवी मुंबई वसवताना सिडकोने भरतीच्या पातळीखालची जमीन घेतली आणि तिच्याबरोबर होल्डिंग पाँड म्हणजे धारण तलाव ठेवले. भरती असताना झडपा मिटतात, शहराचे पाणी तलावात थांबते, ओहोटी लागली की ते खाडीत निघून जाते. पुढे त्या तलावांत गाळ साचला, तिवरे वाढली आणि गाळ काढण्याच्या परवानग्यांचा गुंता झाला, हेही खरे. तरीही तत्त्व साधे आहे: पाण्याला थांबायला जागा द्यावी लागते. मुंबईने नेमकी तीच जागा विकली. मिठी नदीच्या मुखाजवळच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, विमानतळाच्या धावपट्टीने नदीला वळण आणि बोगदा दाखवला. आता हिंदमाताचे पाणी प्रमोद महाजन कला पार्क आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत साठवले जाते. टाक्या उपयोगी आहेत. पण पाण्याची फुकटची जागा विकून टाकल्यावर तीच कोट्यवधी रुपये खर्चून जमिनीखाली पुन्हा विकत घ्यावी लागते, एवढे तरी कबूल करावे.

तिसरे वाक्य कचऱ्याचे. लोक नाल्यात पिशव्या, गाद्या, थर्माकोल टाकतात. टाकतात, त्यात वाद नाही, आणि २०१८च्या राज्यव्यापी प्लॅस्टिकबंदीनंतरही टाकतात. पण पोकलेनने काढलेल्या ढिगाकडे नीट पाहा. वर तरंगणारे प्लॅस्टिक डोळ्यांत भरते. तळाशी असतो तो काळा, चिकट, दुर्गंधीचा गाळ. बांधकामाची माती, रस्त्याची धूळ आणि वर्षभर वाहणाऱ्या सांडपाण्यातला मैला मिळून तो बनतो. पिशवी टाकणाऱ्याला दंड करता येतो. शौचालयाचे पाणी नाल्यात जाते त्या वस्तीला दंड करून काय होणार? तिच्यापुढे दुसरी मोरीच नाही.

या ठिकाणी मूळ मुद्दा येतो. शहरात रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी भातसा, वैतरणा, तानसा वगैरे तलावांतून येते. वापरून झाले की त्यातले बहुतेक सांडपाणी होऊन निघते. कागदावर मुंबईत दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत: मलवाहिन्या सांडपाणी नेतात, पर्जन्यवाहिन्या पाऊस नेतात. दोन खाती, दोन अभियंते, दोन अंदाजपत्रके. पण २०११च्या जनगणनेनुसार शहरातली सुमारे ४२ टक्के माणसे झोपडपट्टीत राहतात, आणि त्यातल्या बहुतांश वस्त्यांत घराला जोडलेली मलवाहिनी नाही. सार्वजनिक शौचालयाची टाकी भरली की ओसंडते, आणि ओसंडलेले नाल्यात जाते. फक्त झोपडपट्टीला बोल लावून भागणार नाही. उपनगरांतले तबेले शेण ओशिवरा आणि दहिसर नदीत सोडत आले, कारखाने रसायने सोडतात, आणि चांगल्या पक्क्या इमारतींच्या सांडपाण्याच्या जोडण्याही पर्जन्यवाहिनीत आढळतात. या सगळ्यांचे पाणी बारा महिने वाहते. मिठी, पोईसर, दहिसर, ओशिवरा या नद्या आहेत असे शहराच्या मुलांना सांगावे लागते; पाहून त्यांना ते पटत नाही.

यावर महापालिकेचे उत्तर तयार असते: आम्ही सात मलजल प्रक्रिया केंद्रे बांधतो आहोत. वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, भांडुप, घाटकोपर आणि धारावी. एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन, खर्च १७ हजार कोटींहून अधिक. हे काम आवश्यकच आहे. आजवर बरेचसे सांडपाणी जुजबी प्रक्रिया करून समुद्रात ढकलले जात होते, त्याला यामुळे आळा बसेल. पण प्रक्रिया केंद्र त्याच्यापर्यंत पोचलेले पाणीच शुद्ध करते. गल्लीतून निघालेले पाणी मलवाहिनीऐवजी नाल्याला मिळत असेल, तर वरळीच्या किनाऱ्यावरचे अद्ययावत केंद्र कुर्ल्याच्या नाल्याचे काहीही भले करणार नाही. नाल्यातले सांडपाणी शेवटच्या टोकाला अडवून मलवाहिनीत वळवायचे, असाही उपाय सांगितला जातो. खाडीचे प्रदूषण त्याने कमी होईल. नाल्यातला गाळ मात्र तसाच राहील, कारण सांडपाणी तर आधी अख्खा नाला चालूनच टोकाला पोचते.

दोन यंत्रणा वेगळ्या असल्याचा दावा पावसाळ्यात तर पार कोसळतो. पाणी भरले की लोक मॅनहोलची झाकणे उचलतात, जे मिळेल त्यात पाणी सोडतात. २९ ऑगस्ट २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड भागात शहरातले एक नामवंत डॉक्टर पाण्यातून घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले. त्यांचा मृतदेह पुढे वरळीच्या किनाऱ्याजवळ सापडला. त्यानंतर झाकणाखाली जाळ्या बसवण्याची मोहीम निघाली आणि उच्च न्यायालयाला त्यात वारंवार लक्ष घालावे लागले. जाळ्या हव्यातच. पण लोक झाकण का उचलतात, हा प्रश्न जाळीने सुटत नाही. आणि झाकणाखाली उतरणाऱ्यांचा प्रश्न तर कुणी विचारतही नाही. हाताने मैला साफ करण्यास २०१३च्या कायद्याने मनाई आहे, तरी गटारांत आणि मैलाटाक्यांत गुदमरून कंत्राटी कामगार मरतात. पुराची चर्चा आपण गाड्यांच्या बोनेटपर्यंत आलेल्या पाण्यावर करतो. त्या कामगारांची गणना वेगळ्या बातमीत होते. दोन्ही बातम्यांचे मूळ एकच आहे.

आता चौथे वाक्य, भुयारांचे. टोकियोच्या उत्तरेला साइतामा प्रांतात कासुकाबे इथे जमिनीखाली ५० मीटर खोलवर ६.३ किलोमीटर लांबीचे पूरनियंत्रण भुयार आहे. २००६ मध्ये ते पूर्ण झाले. ५९ खांबांच्या त्या प्रचंड टाकीची छायाचित्रे पाहून कुणीही थक्क व्हावे. पण ते भुयार करते काय? लहान नद्यांना आलेला पूर गोळा करून पंपांनी मोठ्या एदो नदीत सोडते. पाणी सोडायला तिथे जवळच ते सामावून घेणारी मोठी नदी आहे. मुंबईच्या भुयाराचे पाणी जाणार कुठे? पुन्हा त्याच खाडीत, त्याच भरतीच्या तोंडी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टोकियोच्या २३ विभागांत मलवाहिन्यांचे जाळे १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळपास पूर्ण झाले होते. भुयार पूर्ण होण्याआधीच राजधानीतले घराघरातले सांडपाणी ताब्यात आले होते. आपण शेवटचा मजला आधी बांधायला निघालो आहोत. मैला आणि गाळ घेऊन वाहणारा नाला ५० मीटर खोल भुयारात सोडला तर तिथे साचणारा गाळ काढायला पोकलेन उतरणार नाही.

गाळाचा विषय निघालाच आहे तर नालेसफाईचा हिशेबही पाहू. दरवर्षी मार्चपासून कंत्राटे निघतात, ३१ मेची मुदत असते, ‘शंभर टक्के नालेसफाई’ जाहीर होते. २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच शहरात दाखल झाला आणि नव्याने सुरू झालेल्या भूमिगत मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. पाऊस लवकर आला, हा त्याचा दोष म्हणावा की वर्षभर काम न करता दोन महिन्यांत ते उरकण्याचा हा दोष? त्याच महिन्यात मिठीतला गाळ काढण्याच्या कामात सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. आरोप सिद्ध व्हायचे आहेत. पण घोटाळ्याला वाव कुठून मिळतो हे समजायला न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. पैसे मोजले जातात काढलेल्या गाळाच्या वजनावर. गाळ जितका जास्त साचेल तितके पुढचे कंत्राट मोठे. नाला स्वच्छ राहावा अशी इच्छा या व्यवहारात कुणालाच असण्याचे कारण नाही. त्यात जबाबदारीचीही वाटणी झालेली: १७.८ किलोमीटरच्या मिठीचे वरचे ११.८४ किलोमीटर महापालिकेकडे आणि खालचे ६ किलोमीटर एमएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे. पाण्याला ही हद्द माहीत नसते.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला: मग झोपडपट्ट्या पाडायच्या का? उलट आहे. नालारुंदीकरणाच्या नावाखाली पाडापाड करणे हा सर्वांत खर्चिक आणि निर्दय मार्ग आहे. माणसे एका नाल्यावरून उठतात आणि दुसऱ्याच्या काठी बसतात. वस्ती जिथे आहे तिथे मलवाहिनी पोचवणे, गल्लीत बसेल अशा कमी व्यासाच्या आणि उथळ खोलीच्या वाहिन्या टाकणे, शौचालयांच्या टाक्या जाळ्याला जोडणे, हे अभियांत्रिकीला अशक्य नाही. अडथळा आहे तो ‘अनधिकृत वस्तीला पक्की सुविधा कशी द्यायची’ या धोरणाचा. त्या वस्तीचा मैला मात्र अधिकृत नाल्यातून अधिकृत रस्त्यावर येतो, याबद्दल धोरणाला काही म्हणायचे नसते. ज्या नाल्यांवर खरोखर जीव धोक्यात घालून घरे उभी आहेत, तिथल्या माणसांना जवळच घर देऊनच हलवावे.

दुसरा आक्षेप पैशांचा. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. देशातल्या काही राज्यांचे अर्थसंकल्प याहून लहान असतात. पैसा नाही, असे म्हणायची सोय या शहराला उरलेली नाही. खरी अडचण अशी की गल्लीतल्या मलवाहिनीचे उद्घाटन करता येत नाही. उदंचन केंद्रावर पाटी लावता येते, भुयारात छायाचित्र काढता येते. पण जोडल्या गेलेल्या चारशे घरांच्या मोऱ्यांवर कुणाचे नाव लिहायचे? त्यातून मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते. गल्लीच्या मोरीसाठी भांडणारा माणूसच सभागृहात नसताना मोठ्या प्रकल्पांचा वरचष्मा होणे साहजिक होते.

म्हणून कोणताही नवा आराखडा येवो, त्याला एकच परीक्षा लावावी. भरतीचे पाणी पोचते तो खालचा पट्टा सोडला, तर पर्जन्यवाहिनी एप्रिलमध्ये कोरडी असली पाहिजे. एप्रिलमध्ये पाऊस पडत नाही. त्या महिन्यात नाल्यात जे वाहते ते कुणाच्या तरी घरातून, तबेल्यातून किंवा कारखान्यातून आलेले असते, आणि ते कुठून आले हे शोधणे पूर्णपणे माणसाच्या हातात असते. या परीक्षेला सल्लागार लागत नाही, संगणकीय प्रतिमान लागत नाही. कोणताही नागरिक पुलावर उभा राहून ती घेऊ शकतो, म्हणूनच ती कुणाला आवडणार नाही.

महापालिकेने याचे नियम करावेत. प्रत्येक वॉर्डातल्या प्रत्येक नाल्यात एप्रिलमध्ये किती सांडपाणी वाहते ते मोजून जाहीर करावे आणि दरवर्षी ते किती घटले ते सांगावे. कंत्राटदाराला पैसे गाळाच्या वजनावर न देता पावसाळ्याआधी मोजलेल्या तळाच्या पातळीवर द्यावेत. पर्जन्यवाहिन्या आणि मलनिःसारण ही दोन खाती एका नाल्यापुरती तरी एकाच अभियंत्याला उत्तरदायी करावीत. आणि उदंचन केंद्र, टाकी किंवा भुयार यांची निविदा स्थायी समितीपुढे येण्याआधी, त्यांच्याकडे येणाऱ्या नाल्याला मिळणाऱ्या किती सांडपाण्याच्या जोडण्या बंद झाल्या याचा आकडा प्रस्तावासोबत जोडणे सक्तीचे करावे. तो आकडा नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा. ज्या नगरसेवकाला हे फार कडक वाटेल, त्याने आपल्या वॉर्डातल्या मतदारांना पाणी का तुंबले ते सांगताना पाऊस, भरती आणि पिशव्या ही तीन कारणे वगळून चौथे शोधून दाखवावे.